थकबाकी कोणाची?

"सरकारी नोकरी, पगार दर महिन्याला खात्यावर, शाळा दोन खोल्यांची आणि पोरे मोजून 31, मग थकायला झाले काय?" हा प्रश्न माझ्या भाचीला गेल्या भाद्रपदात, गौरीजेवणाच्या पंगतीत, घरातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमक्ष विचारला, आणि पंगतीतल्या एकानेही त्यावर हरकत घेतली नाही, हे मला त्या प्रश्नाहून अधिक लागले. ती काही बोलली नाही. हातातले वरणाचे भांडे सावरून ती पुढच्या पानाकडे वळली आणि वाढत राहिली. विचारणारा माणूस दुष्ट असता तर त्याच्याशी वाद घालण्याचे मला प्रयोजन नव्हते. परंतु तो सज्जन आहे, स्वतः आयुष्यभर कष्ट केलेला आहे, नात्यातल्या कोणाच्याही आजारपणात रात्र जागून काढणारा आहे. आणि असा माणूस जे मत इतक्या निःशंकपणे बोलतो, ते मत आज आपल्या मराठी घरांचे, कचेऱ्यांचे, किंबहुना आपल्या सबंध मध्यमवर्गाचे मत आहे असे समजण्यास प्रत्यवाय नाही. म्हणूनच त्याचा प्रतिवाद झाला पाहिजे.

ते मत मी शक्य तितक्या जोरकसपणे मांडतो, कारण दुबळे करून खोडलेले मत दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. मानसिक थकवा म्हणून काही स्वतंत्र वस्तू नाही; थकते ते शरीर, मन केवळ कंटाळते. आमच्या वडिलांनी आठ-दहा माणसांचे कुटुंब एका पगारावर ओढले, आईने चुलीचा धूर सोसला, आडाचे पाणी शेंदले, जात्यावर दळले, आणि तरीही त्यांच्यापैकी कोणी कधी मानसिक थकव्याचे नाव काढल्याचे ऐकिवात नाही. आज घरोघर गॅस आहे, नळ आहे, मिक्सर आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे. श्रम घटले आणि तक्रार तेवढी वाढली, याचा अर्थ माणसेच नाजूक झाली. ज्याला आपले काम मनापासून आवडते त्याला थकवा येत नाही. ज्याला येतो त्याने पहाटे उठावे, प्राणायाम करावा, मन खंबीर करावे, फार तर चार दिवस महाबळेश्वरला जाऊन यावे. आणि त्यातूनही समाधान झाले नाही तर उन्हात राबणाऱ्या मजुराकडे पाहावे. त्याला हा रोग होत नाही.

या मताला उत्तर देण्याआधी, ज्या थकव्याविषयी हा सारा वाद आहे तो मी प्रत्यक्ष कसा पाहिला हे सांगितले पाहिजे. भाची एका डोंगराळ तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. दोघांपैकी एकाची जागा दीड वर्ष रिकामी होती, म्हणून चार इयत्ता तिच्या एकटीच्या अंगावर होत्या. आणि शिकवण्याच्या जोडीला पोषण आहाराच्या तांदळाची रोजची नोंद, हजेरीची माहिती, वरून येणारे तक्ते, छायाचित्रे, प्रमाणपत्रे, सर्वेक्षणे अशा कामांचा तगादा फोनवरून अष्टौप्रहर चाललेला होता. शाळेत फोनला रेंज नसल्यामुळे माहिती भरण्यासाठी मधल्या सुट्टीत मागच्या टेकाडावर जाऊन उभे राहावे लागे, आणि जे तिथेही जमले नाही ते रात्री घरी, मुलाला झोपवून झाल्यावर करावे लागे. शिक्षकांच्या गटावर "तातडीचे" या शब्दाने सुरू होणारा निरोप रात्री साडेनऊला येई, दहाला येई, कधी त्याही नंतर येई, आणि सकाळी शाळा भरण्यापूर्वी त्याची पूर्तता झाली नाही तर गटातल्या सर्वांना दिसेल अशा रीतीने नावानिशी विचारणा होई.

श्रावणात मी चार दिवस तिच्याकडे राहिलो होतो. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात डाळ-तांदळाच्या डब्यांसमोर उभी होती. मी पाणी प्यायला गेलो, परत आलो, वर्तमानपत्र चाळून झाले, तरी ती तिथेच उभी. विचारले तेव्हा म्हणाली, "मामा, भात टाकू का खिचडी टाकू हेच ठरत नाही हो." आवाजात रडू नव्हते, वैतागही नव्हता, काहीच नव्हते. जी मुलगी एकेकाळी पाच वाक्यांच्या निबंधावर सहा वाक्यांचा शेरा लिहून पोरांना हसवत असे, तिच्यासमोरची वह्यांची चळत मी त्याच रात्री पाहिली: प्रत्येक पानाखाली तांबड्या शाईत "छान" एवढाच शब्द, आणि पानात "पाणि", "नदि", "आइ" जसेच्या तसे. तिने ते वाचलेच नव्हते. "डोळे ओळीवरून जातात, पण आत काही उतरत नाही," ती म्हणाली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मात्र झोप लागत नसे, आणि पहाटे उठताना अंग शिशाचे झालेले असे. पंगतीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर या डब्यांपाशी आणि या वह्यांत होते. परंतु ते पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

आता, "आमच्या वेळी असे काही नव्हते" हा जो या मताचा मुख्य आधारस्तंभ आहे, त्याकडे वळू. खरोखरच नव्हते काय? मग "शीण" हा शब्द आपल्या भाषेत कोठून आला? "कशात राम वाटत नाही", "जीव विटला", "डोके चालेनासे झाले", "मन उडाले" हे प्रयोग कोणी केले? आपल्या आया-आज्यांनी मानसिक थकवा हा समास उच्चारला नाही हे खरे. पण माजघरात पाय पसरून बसलेली आजी "आता नको वाटते सगळे" असे म्हणत असे तेव्हा ती हवापाण्याविषयी बोलत होती काय? तिचे बोलणे आपण ऐकले आणि त्याची नोंद ठेवली नाही. नोंद नाही म्हणून घटनाच घडली नाही असे मानण्याचा हा शिरस्ता कोणत्याही न्यायासनापुढे टिकणारा नाही.

आणि ज्या शेतकरी समाजाचा दाखला नेहमी दिला जातो, त्या समाजाला विश्रांतीचे मोल आपल्याहून पुष्कळ अधिक कळत होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते: वर्षभर जूं वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी अथवा तूप आणि हळद लावून शेतकरी तो खांदा तळहाताने हळूहळू चोळतो, गरम पाण्याने शेकतो, आणि उद्याच्या जेवणाचे आवतण त्या मुक्या जनावराला देतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जूं ठेवले जात नाही. अमावास्येला औत न धरण्याची रीत अनेक गावांत आजही पाळली जाते. बैल बसला तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी जूं उतरवून खांदा पाहायचा, हे ज्या संस्कृतीला कळत होते, तिच्या वारसांनी माणसाच्या बाबतीत मात्र खांदा न पाहताच चाबूक उचलावा, ही परंपरेची जपणूक कशी म्हणता येईल?

आपली भाषा तर याही पुढे गेली आहे. मराठीत माणूस थकतो आणि रक्कमही थकते. एकच क्रियापद दोन्हीकडे चालते. सावकाराचे देणे वेळेवर पोचले नाही की ते थकले, पाटबंधारे खात्याची पाणीपट्टी भरली नाही की ती थकली, आणि अशा थकलेल्या बाकीला आपण थकबाकी म्हणतो. मला हा केवळ शब्दांचा योगायोग वाटत नाही. थकवा हा जमाखर्चाचा विषय आहे. माणसाकडून रोज काही घेतले जाते: त्याचे लक्ष, त्याची स्मृती, त्याचा विवेक, त्याची सहनशक्ती, आणि त्याच्या बदल्यात निद्रा, निवांतपणा, मान आणि अवकाश या रूपाने त्याला काही परत मिळावे लागते. ते परत मिळाले नाही की बाकी चढू लागते. प्रश्न एवढाच, की या खात्यात ऋणको कोण? प्रचलित मत सांगते की थकलेला माणूसच दोषी, त्यानेच काही चुकवले. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याने घेतले आणि परत केले नाही तो थकबाकीदार; थकलेला माणूस हा येणेकरी आहे.

"थकते ते शरीर, मन केवळ कंटाळते" हे विधान तर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी खोटे ठरले आहे. इटलीतल्या तुरिन विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी बोटाने वजन उचलून त्या हालचालीची रेघ कागदावर उमटवणारे एक यंत्र बनवले होते. त्यांच्या एका सहकाऱ्याने दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्यानंतर त्या यंत्रावर बोट ठेवले, तेव्हा ज्याने दिवसभरात एक ओझेही उचललेले नव्हते त्या माणसाच्या बोटाची शक्ती उतरलेली स्पष्ट दिसली. मोस्सो यांचा थकव्यावरील ग्रंथ 1891 मध्ये प्रसिद्ध झाला. 2022 मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी दाखवले की सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम केलेल्या माणसांच्या मेंदूत, निर्णय आणि संयम ज्या पुढच्या भागावर अवलंबून असतात तिथे, ग्लुटामेट हे द्रव्य साचते, आणि अशी माणसे विचाराअंती लाभणाऱ्या मोठ्या फळाऐवजी ताबडतोब हाती येणाऱ्या सोप्या फळाकडे वळतात. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जाते व झोपेत त्याचा निचरा होतो, हे तर आता पाठ्यपुस्तकात आहे. चहा-कॉफी त्याचा निचरा करीत नाहीत, त्याची जाणीव तेवढी काही काळ दडपतात. भात की खिचडी हे न ठरवता येणाऱ्या मुलीला "मन खंबीर कर" असे सांगणारा माणूस, ज्या अवयवाने मन खंबीर करायचे तोच अवयव गळाठला आहे हे लक्षात घेत नाही. पाय मोडलेल्याला चालत जाऊन औषध आणायला सांगावे, तसेच हे.

हे आजकालचे खूळ आहे, असेही म्हटले जाते. पण अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड या वैद्याने मज्जासंस्थेच्या थकव्याचे वर्णन 1869 मध्ये केले. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारे कार्यकर्ते आतून जळून कोळसा होताना पाहून हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये बर्नआउट ही संज्ञा रूढ केली; आणि ध्यानात घ्यावे, ती माणसे कामचुकार नव्हती, कामावर प्रेम करणारी होती, म्हणजे "आवडीच्या कामाने थकवा येत नाही" हा सिद्धान्त जिथे या संज्ञेचा जन्म झाला तिथेच निकालात निघाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2022 पासून अमलात आली, या अवस्थेची तीन लक्षणे दिली आहेत: शक्तिपात, कामाविषयी मनात येणारा दुरावा वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. संघटनेने तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी घटना म्हटले आहे. कारण कामाच्या ठिकाणी आहे असे तिथे लिहिलेले असताना आपण ते माणसाच्या स्वभावात का शोधत बसतो?

आता तासांविषयी. ऑक्टोबर 2023 मध्ये उद्योगपती नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे सांगितले, आणि जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे 90 तासांचे, रविवारी कामाला लावता येत नाही याबद्दल खंत व्यक्त करणारे उद्गार सर्वत्र पसरले. हिशेब करून पाहू. आठवड्याला 70 तास, सहा दिवसांत, म्हणजे रोज 11 तास 40 मिनिटे. बदलापूरहून मुंबईत येणाऱ्या माणसाचे जाण्यायेण्याचे तीन तास धरले, आणि तेही ज्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरात चौदा-सोळा माणसे उभी असतात तिच्यात, तर उरतात 9 तास 20 मिनिटे. त्यात सात तासांची झोप वजा केली की आंघोळ, जेवण, बाजारहाट, मुलाचा अभ्यास, आईवडिलांची विचारपूस आणि स्वतःचे म्हणून जे काही असेल ते, या सर्वांसाठी 2 तास 20 मिनिटे. या आकड्यांत माणूस कोठे बसतो?

बरे, एवढे करून पदरात काय पडते? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या, विशेषतः स्त्री-कामगारांच्या, उत्पादनाच्या नोंदी सरकारी समितीने काळजीपूर्वक ठेवल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी शतकानंतर त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा 70 तास राबलेल्यांचे उत्पादन 56 तास राबलेल्यांहून फारसे वेगळे नव्हते. मधले 14 तास वाया गेले. आणि ते नुसते वायाच जात नाहीत, त्यांची किंमतही मोजावी लागते: जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या निष्कर्षाप्रमाणे, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो.

रविवारविषयी कोणी खंत व्यक्त केली की मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात, आणि ते आठवले की राग आवरत नाही. गिरणीत स्टोअरकीपरचे काम केल्यामुळे गिरणगावाचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रासमोर उभे राहायचे आणि आठवड्यातून ठरावीक अशी एकही सुट्टी नाही. जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांची कैफियत सरकारी आयोगापुढे ठेवली. त्या कैफियतीतल्या मागण्या आज वाचताना अंगावर काटा येतो, इतक्या त्या साध्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाच्या आधी काम सुरू होऊ नये व सूर्यास्ताला ते थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. विसाव्याची ही मागणी भरल्या पोटाच्या कोणी केलेली नव्हती. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा तो वार मराठी कामगाराने सहा वर्षे झगडून मिळवला. 1948 च्या कारखाने कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. आणि त्याच लोखंड्यांच्या महाराष्ट्रात सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ती दैनिक मर्यादा 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. ज्यांना थकवा हे नव्या पिढीचे नखरे वाटतात त्यांनी त्या साडेपाच हजार सह्यांपुढे उभे राहून तसे म्हणावे.

गॅस, नळ आणि मिक्सरचा युक्तिवाद मला विशेष अन्यायाचा वाटतो, कारण तो बहुधा पुरुष करतात. यंत्राने मनगटाचे श्रम घेतले. लक्षात ठेवण्याचे श्रम घेतले नाहीत. दूध संपत आले आहे, मुलाची लस राहिली आहे, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी दोन दिवसांची उरली आहे, शुक्रवारी हळदीकुंकवाला जायचे आहे, हे सर्व कोणाच्या डोक्यात असते? केंद्र सरकारच्या 2024 च्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दररोज सरासरी 289 मिनिटे घालवतात असे आढळले, आणि पुरुष 88. पाच तासांना अकरा मिनिटे कमी, आणि त्याला रविवार नाही, रजा नाही, निवृत्ती नाही. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी या दफ्तरात अद्याप रुजूच झालेली नाही.

राहिला उन्हात राबणाऱ्या मजुराचा दाखला. बीडहून कारखान्याच्या फडावर गेलेले ऊसतोडीचे जोडपे, ज्याने मुकादमाची उचल आधीच घेतली आहे, जे पहाटे अंधारात कोयता उचलते आणि रात्री-अपरात्री ट्रक आला की मोळ्या भरायला पुन्हा उठते, त्याला मानसिक थकवा येत नाही हे या गृहस्थांना कोणी सांगितले? त्या बाईला त्यांनी कधी विचारले आहे काय? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, 2015-16 मध्ये, निरनिराळ्या मनोविकारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नाहीत असे दिसून आले. ज्याची फिर्याद नोंदवून घ्यायला कोणी बसलेले नाही, त्याला तक्रारच नाही असे म्हणायचे, आणि मग त्याच्या मौनाचा दाखला देऊन दुसऱ्याचे तोंड बंद करायचे, यात दोघांवरही अन्याय आहे.

उपदेशांपैकी प्राणायामाला माझी हरकत नाही. मी स्वतः तो करतो. हरकत आहे ती थकलेल्यालाच आणखी एक काम सांगण्याला. पाच तासांची झोप मिळणाऱ्या माणसाने पहाटे एक तास आधी उठावे, हा उपदेश आपल्या शास्त्रालाही मान्य नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधत नाही हे सांगताना अति खाणाऱ्याबरोबर अति जागणाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि चरकाने देहाचे जे तीन आधारस्तंभ सांगितले त्यांत आहाराच्या शेजारी निद्रेला स्थान दिले आहे. महाबळेश्वरचे म्हणाल, तर फोन खिशात घेऊन गेलेला माणूस महाबळेश्वरला जात नाही. त्याची कचेरीच चार दिवस तिकडे मुक्कामाला जाते.

मग थकवा उतरतो कसा? भाचीचा कसा उतरला तेवढे सांगतो. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी आधी रक्त तपासले, हिमोग्लोबिन 8.6 निघाले. या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर स्त्रियांत 57 जणींच्या अंगात रक्त कमी आहे असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले, तरी बाई थकली म्हणाली की आपण आधी तिच्या मनाची परीक्षा घेतो. थायरॉइड पाहिले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि मग त्यांनी तिला शांतपणे प्रश्न विचारले: झोप किती, भूक कशी, पूर्वी आवडणाऱ्या कशात तरी अजून मन रमते का, जगणे नकोसे वाटते का. हे शेवटचे दोन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. ज्याचे मन दोन आठवडे कशातच रमत नाही, किंवा ज्याला जगणे नकोसे वाटते, त्याचा थकवा केवळ थकवा नसतो. त्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञाकडे जावे, आणि तो जवळ नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेला 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन करावा.

तिची वेळ तेथवर गेलेली नव्हती. तीन आठवड्यांची वैद्यकीय रजा घेतली. पहिले आठ दिवस ती नुसती झोपली, आणि झोपून उठल्यावरही झोपली. साठलेली बाकी एका रविवारात फिटत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक तिच्या नवऱ्याने आपल्याकडे घेतला आणि, हे मला त्याहून मोलाचे वाटते, काय करायचे हे ठरवण्याचे कामही घेतले. फोन रात्री आठनंतर देवघराच्या फळीवर जाऊ लागला. सकाळी ती मुलाला घेऊन ओढ्यापर्यंत चालून येई. त्यात व्यायामाचा हिशेब नव्हता की पावलांची मोजणी नव्हती. रजा संपताना दुसऱ्या शिक्षकाची जागा भरली गेली, आणि मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ती भरली गेली नसती तर झोप, गोळ्या आणि ओढ्याची वाट यांनी मिळवलेले सर्व दिवाळीपर्यंत पुन्हा गेले असते. भार तसाच ठेवून माणूस दुरुस्त करता येत नाही.

आळशी माणसे नसतात असे मी म्हणत नाही. परंतु आळशी आणि थकलेला यांत फरक ओळखणे इतके का कठीण आहे? आळशाला सुट्टी गोड लागते. थकलेल्याला सुट्टीसुद्धा बेचव लागते. तो सणाच्या दिवशी सर्वांना वाढतो आणि त्याच्या तोंडाला पुरणाची चव येत नाही. एका आळशाला पकडण्यासाठी दहा थकलेल्यांना पंगतीत उभे करून जाब विचारायचा, ही कोणती नीती? फ्रान्सने 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कातून दूर राहण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत त्याच आशयाचे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. तोवर प्रत्येक केंद्रप्रमुखाने, प्रत्येक साहेबाने, प्रत्येक सासूने आणि प्रत्येक नवऱ्याने आपल्या हाताखालच्या, आपल्या घरातल्या माणसाच्या नावाचा जमाखर्च एकदा स्वच्छ मनाने मांडून पाहावा. आपण किती घेतले आणि किती परत केले? थकलेल्याकडे दुबळेपणाची कबुली मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याचे देणे चुकते करण्याचे कर्तव्य मात्र आपणा सर्वांवर आहे, आणि त्याला मुदतवाढ नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा तिच्याकडे गेलो होतो. वह्यांची चळत तशीच होती, पण वरच्याच वहीत "नदि"ची वेलांटी तांबड्या शाईने खोडून दीर्घ केलेली होती आणि समासात त्या मुलासाठी दोन ओळी लिहिलेल्या होत्या. रात्री साडेनऊला शिक्षकांच्या गटावर "तातडीचे" असा निरोप आला. तो तिने दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेत वाचला, आणि माहिती दुपारी भरून दिली.